एक कुरकुरणारी, एक मुकी

काकूंचा संगणक सुरू करायचा म्हणजे आधी त्याचं बटण दाबायचं आणि मग घरातली बाकीची कामं उरकायला घ्यायची, अशी त्या घरची रीत होती. बटण दाबलं की टेबलाखालच्या पेटीतून एक उसासा यायचा. मग म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसं काहीतरी. मग ‘कर्र, कर्र, टक्’ सुरू व्हायचं. तोवर काकू चहा टाकायच्या, गाळायच्या, खिडकीशी उभ्या राहून प्यायच्या, कप विसळून पालथा घालायच्या, कुंड्यांना पाणी द्यायच्या. एवढं होऊन हात पुसत त्या टेबलाशी आल्या की पडद्यावर एका फुटक्या मडक्याचं चित्र हळूहळू उमटत असायचं.

मडकं काकांचं. म्हणजे वस्तुसंग्रहालयातलं, पण काका त्याला स्वतःचंच समजत. काकांची सगळी नोकरी संग्रहालयात वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. चिठ्ठी तळहाताएवढी आणि मजकूर त्याहून लहान, असा साहेबांचा नियम. या मडक्याखाली काकांनी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘मातीचे भांडे, कुणा बाईच्या हातून निसटले असावे, तिला त्या दिवशी घरात पुष्कळ ऐकून घ्यावे लागले असणार.’ साहेबांनी लाल शाईने सगळं खोडून ‘मातीचे भांडे. भग्न.’ एवढंच ठेवलं. काकांनी आयुष्यभर दोन-दोन शब्दांत गप्प बसून काढलं आणि निवृत्त झाल्यावर त्याचा वचपा काढला.

घरात फोटोंची एक पत्र्याची ट्रंक होती. काकांनी एक स्कॅनर आणला आणि ट्रंकेतला एकेक फोटो संगणकात चढवायला सुरुवात केली. पुढे त्यात मोबाइलवर काढलेलेही आले. प्रत्येक फोटोच्या फाइलला नाव द्यावं लागतं हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो फुलला, तसा लग्नातसुद्धा फुलला नव्हता, असं काकूंचं मत होतं. नाव म्हणजे चिठ्ठीच की! आणि वर लाल शाईवाले साहेब नाहीत. मग काय, ‘माझे मेहुणे नव्या कोटात, कोट माझा.’ ‘ताई, वय लपवताना.’ ‘समुद्रकिनारा, सगळे खुशीत, छत्री बसमध्ये राहिली आहे हे अजून कळायचे आहे.’ फक्त एक अडचण होती. नावात प्रश्नचिन्ह घातलं की संगणक अडून बसायचा. हे चिन्ह इथे चालणार नाही, असा निरोप यायचा. काका म्हणायचे, “याला प्रश्न विचारलेला खपत नाही. आमच्या साहेबांच्याच वळणावर गेलाय.”

सगळे फोटो चढवून झाल्यावर त्यांनी ‘सुरक्षित प्रत’ नावाचा फोल्डर केला आणि त्यात सगळ्याची नक्कल ठेवली. मग तरीही राहवेना म्हणून ‘अतिसुरक्षित प्रत’ केला. दोन्ही त्याच डिस्कवर. मुलाने एकदा फोनवर विचारलं तेव्हा काका म्हणाले, “आमच्याकडे अस्सल मूर्ती आणि तिची प्रतिकृती एकाच कपाटात ठेवायचे. किल्ली एकच सांभाळावी लागते.”

आणि मग एका दुपारी काका खुर्चीत बसल्या-बसल्या गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आतून विचारलं, “चहा गरम करू का?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून विचारलं. माणूस आजारी नाही, कण्हला नाही, छातीवर हात ठेवला नाही. नुसता गप्प झाला. आता गप्प बसणं हा काकांचा नोकरीतला जुना गुण होता, त्यामुळे काकूंना शंका यायला वेळ लागला.

त्यानंतर काकूंनी ट्रंकेला हात लावला नाही, पण संगणक रोज लावला. रोज सकाळी एक फोटो उघडायचा. एकच. नाव मोठ्याने वाचायचं आणि त्यावर आपलं म्हणणं मांडायचं. एका फोटोत त्या भुवया आवळून उभ्या होत्या. नाव होतं, ‘ही रागावलेली नाही, दात दुखतोय.’ काकू म्हणाल्या, “साफ खोटं. दात दुखत नव्हता. तुमच्यावरच रागावले होते.” काका जिवंत असताना दिवसाला एवढंच बोलणं व्हायचं, तेव्हा काही फारसं बिघडलं नव्हतं. न उघडलेले फोटो अजून ढीगभर होते. हात सैल सोडला तर ते झटकन संपतील, म्हणून काकू डब्यातलं तूप वाढावं तशा ते पुरवून वापरत होत्या. घाई कुणाला होती?

घाई निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाला होती. काकांचं निवृत्तिवेतन आता काकूंना मिळायचं. गेल्या वर्षी त्या तिथे जाऊन, एका वहीत सही करून, आपण जिवंत असल्याचं सांगून आल्या होत्या. या वर्षी वही गेली. आता घरूनच, संगणकावर, फोटो जोडून जिवंत असल्याचं कळवायचं होतं. काकूंनी चहाआधी बटण दाबलं, चहानंतर पान उघडलं, रकाने भरले, फोटो शोधायला घेतला. पेटीतून ‘कर्र, कर्र’ चाललं होतं. फोटोंचा फोल्डर अर्धाही उघडला नव्हता, तेवढ्यात पडद्यावर चौकट आली.

‘आपली वेळ संपली आहे.’

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माणसाला असं तोंडावर सांगतात का कधी? निदान डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा रद्द केला, कुंड्या तहानलेल्या ठेवल्या आणि फोटो कसाबसा वेळेत जोडला. तर चौकट आली, ‘फाइलचे नाव मर्यादेपेक्षा मोठे आहे.’ फोटो दाताचाच होता. अलीकडचा आणि समोरून काढलेला तेवढा एकच होता. नाव लहान केलं असतं तर काम झालं असतं. पण लाल शाईवाल्या साहेबांनी जे केलं तेच आपण करायचं? काकूंनी संगणक बंद केला, पर्स उचलली आणि कार्यालय गाठलं.

खिडकीतल्या बाई केस विंचरून, पावडर लावून, कामावर आल्याबद्दल जगावर रुसून बसल्या होत्या.

“मी जिवंत आहे, ते सांगायला आले,” काकू म्हणाल्या.

“ते ऑनलाइन सांगायचं.”

“पण मी इथे तुमच्यासमोर उभी आहे.”

“आजी, मला दिसताय तुम्ही. सिस्टीमला दिसत नाही.”

‘आजी’ हा शब्द काकूंना चांगलाच लागला. सबंध इमारत त्यांना काकू म्हणत होती. जिन्यातली शाळकरी पोरंसुद्धा.

“मग तुम्ही सांगा ना सिस्टीमला.”

“आम्हाला सांगायची सोय नाही. मुदतीत नाही कळवलंत तर नावापुढे ‘अनिर्णित’ लागेल.”

“अनिर्णित म्हणजे गेले असं का?”

“तसंही नाही,” बाई दिलासा दिल्यासारख्या म्हणाल्या. “म्हणजे काहीच नाही.”

काकू घरी परतल्या त्या काहीच नाही अशा अवस्थेत. जिन्यात वरच्या मजल्यावरचे सल्लागार भेटले. हे गृहस्थ पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात सल्लागार होते आणि निवृत्तीनंतर ते पद त्यांनी इमारतीत चालू ठेवलं होतं. पाठोपाठ तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यातून वर आल्या. काकूंनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. ती त्यांची चूक झाली.

“डिस्क जुनी झालीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नव्या पद्धतीची डिस्क असते, एसएसडी, ती बसवून घ्या, काकू. क्षणात सुरू होईल.”

“अजिबात नाही!” सल्लागार कठड्यावर हात आपटून म्हणाले. “एसएसडी म्हणजे नुसती फॅशन. हातात घेऊन बघा, बिस्किटाएवढी हलकी. हार्ड डिस्कला वजन आहे. आत लोखंड आहे. पंप असो की डिस्क, वजनदार वस्तू टिकते. नवीन हार्ड डिस्कच घाला. तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतं.”

“आत तबकडी गरगर फिरत असते, त्यावर सुई फिरत असते. जे हलतं ते कधीतरी पडतंच. मी रोज बघते.”

“तुम्ही दात बघता.”

“मग? दातांना वजन नसतं का? तरी पडतात ना?”

यावर सल्लागारांची जीभ नकळत वरच्या कवळीकडे गेली. कवळी डॉक्टरीणबाईंनीच बसवली होती.

या वादाला इमारतीत आठवडाभर ऊत आला. दुधाच्या पिशव्या घ्यायला दारात आलेली माणसं हार्ड डिस्कवाले आणि एसएसडीवाले अशी दोन बाजूंना उभी राहू लागली. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांची मतं जास्त ठाम होती. काकूंच्या नणंदबाई पलीकडच्या गल्लीत राहत. त्यांना काकू अजून वन्सं म्हणायच्या. त्या मुद्दाम येऊन म्हणाल्या, “माझं ऐकशील तर तो डबाच भंगारात दे. माझ्या भावाने त्यात माझं वय लिहून ठेवलंय.”

“वय नाही हो लिहिलेलं, वन्सं. लपवताय एवढंच लिहिलंय.”

“ते काय वेगळं झालं?”

मुलाने परगावाहून फोनवर निकाल दिला, “आई, एसएसडी. विषय संपला.” त्याचे विषय नेहमी असे फोनवर संपायचे आणि काकूंच्या घरात सुरू व्हायचे.

शेवटी काकू पेटी रिक्षात घालून, मांडीवर धरून, संगणकाच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन्ही बाजूंना पोट फाडलेले संगणक, आणि टोकाला नाकाला रुमाल लावून बसलेला दुकानदार. त्याला बारमाही सर्दी असावी. त्याने पेटी उघडली, वायर जोडली आणि डोकं खाली घालून नुसतं ऐकत राहिला. काकूंना तो दुकानदार त्यामुळेच आवडला.

“बोलायला लागलीय,” तो म्हणाला.

“पहिल्यापासूनच बोलते.”

“कर्र चालतं. हे ‘टक्’ ऐकलंत? हे बरं नाही. सुई जागा चुकतेय.”

मग त्याने समजावून सांगितलं. जुन्या ग्रामोफोनसारखी आत तबकडी असते. ती फिरते, सुई शोधत शोधत जाते, म्हणून वेळ लागतो. धक्का लागला तर ओरखडा जातो. एसएसडीत तबकडी नाही, सुई नाही, काहीच हलत नाही; सगळं जागच्या जागी, मागितलं की हातात. आवाज नाही, धक्क्याचं भय नाही.

“मग सगळ्यांनी तीच घ्यावी की,” काकू म्हणाल्या.

“घेतात. फक्त एक आहे.” त्याने नाक पुसलं. “हार्ड डिस्क जायच्या आधी बहुतेक वेळा कुरकुरते. चार दिवस, चार महिने सांगत राहते. माणसाला सामान हलवायला सवड मिळते. एसएसडी बऱ्याचदा काही सांगत नाही. सकाळी चालू असते, दुपारी नसते.”

काकू स्टुलावर बसल्या. सासूबाई हार्ड डिस्क होत्या. वर्षभर अंथरुणावर कुरकुरल्या, सगळ्या मुलासुनांना नावं ठेवली, दागिने वाटले, वाटलेले परत मागितले, पुन्हा वाटले. वैताग आला होता सगळ्यांना. पण गेल्या तेव्हा कुणाचं काही बोलायचं राहिलं नव्हतं. आणि हे? सकाळी होते, दुपारी नव्हते.

“काकू, पाणी देऊ का?” दुकानदाराने विचारलं.

“नको. तुम्ही कुठली घ्याल?”

“एसएसडी. आणि दर आठवड्याला नक्कल दुसरीकडे ठेवीन. दोन्ही जाणारच असतात हो. एक सांगून जाते, एक न सांगता. आपण आपलं सामान बांधून असावं.” मग पेटीवर हात ठेवून तो म्हणाला, “ही आजच ठेवून जा. जिवंत आहे तोवर सगळं नवीनवर उतरवून घेतो. उद्याचा भरवसा नाही.”

तिथे पेटी ठेवली असती तर ही गोष्ट इथेच, सुखात संपली असती. पण काकूंच्या कानात सल्लागार बसले होते. निघताना ते जिन्यातून ओरडले होते, “दुकानात ठेवून येऊ नका! घरातले फोटो जगभर फिरतील!” जगाला मेहुण्यांच्या कोटात काय रस असणार, हा विचार काकूंच्या मनात आला नाही असं नाही. पण खरं कारण निराळं होतं. पेटी इथे राहिली तर उद्या सकाळी फोटो कुठला वाचायचा?

“उद्या आणते,” त्या म्हणाल्या, आणि पेटी मांडीवर घेऊन परत आल्या. रिक्षावाल्याने एकही खड्डा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. उसासा आला. खाकरणं आलं. मग ‘टक्, टक्, टक्’, दारावर कुणी अनोळखी माणसाने वाजवावं तसं. चहा झाला, कुंड्या झाल्या, कप पालथा पडला. पडदा काळाच. मडकंसुद्धा आलं नाही.

सल्लागार हातात पेचकस घेऊनच खाली उतरले. त्यांनी डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलवली आणि निदान केलं, “आतलं लोखंड तापून फुगलंय. गार करा. फ्रीजमध्ये ठेवा. वरच्या कप्प्यात, बर्फाशेजारी. आमच्या कारखान्यात अडकलेला दांडा आम्ही असाच सोडवायचो.”

“पण यात आमच्या ह्यांचे फोटो आहेत हो.”

“म्हणून तर म्हणतो! पंपात काय होतं? पाणी!”

बुडत्या माणसाचा चेहरा करून काकूंनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वाटाण्याच्या पाकिटाशेजारी ठेवली. दिवसातून कितीदा तरी त्या फ्रीज उघडून बघत होत्या. संध्याकाळी वन्संनी गुडघ्याला लावायला बर्फ काढायचा म्हणून हात घातला आणि त्यांच्या हाताला गार, जड, चौकोनी काहीतरी लागलं.

“हे काय गं?”

“हे आहेत,” काकू म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

वन्सं नको तिथे विनोद करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डिस्क जागेवर ठेवली, बर्फ न घेताच फ्रीज लावला आणि गुडघा चोळत खुर्चीत बसून राहिल्या.

सकाळी डिस्क बाहेर काढली तेव्हा तिला घाम फुटला होता. सल्लागारांनी ती टॉवेलने पुसली, जोडली, बटण दाबलं. या वेळी ‘टक्’ही आलं नाही. सल्लागार म्हणाले, “लोखंडाची प्रतच हलकी,” आणि पेचकस खिशात घालून वर गेले.

दुकानदाराने टॉवेलात गुंडाळलेली डिस्क पाहिली. टॉवेलाला वाटाण्यांचा वास येत होता. त्याने काही विचारलं नाही. शहरात दुसऱ्या टोकाला मेलेल्या डिस्कमधून सामान बाहेर काढणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे पाठवतो, म्हणाला. काही निघेल, काही नाही. देव पाण्यात घालून बसा असं त्याने म्हटलं नाही, पण त्याचा चेहरा तसाच होता.

मधले दिवस काकूंनी सकाळी चहा केला, कुंड्यांना पाणी घातलं आणि मग काय करायचं ते न सुचून पुन्हा कुंड्यांना पाणी घातलं. दोन झाडं त्यात कुजली.

अखेर दुकानदाराचा फोन आला. “काकू, पेढे मागायला हवेत! सगळे फोटो आले. एकही गेला नाही.”

बातमी जिन्यातून वर-खाली गेली. डॉक्टरीणबाई दवाखाना अर्धवट टाकून आल्या, आत एक माणूस तोंड उघडं ठेवून बसला होता. सल्लागार म्हणाले, “फ्रीजचा परिणाम उशिरा होतो.” दुकानदार स्वतः संगणक घेऊन घरी आला, नवी बिस्किटाएवढी डिस्क आत बसवून. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. काकूंनी सवयीने बटण दाबलं आणि चहा टाकायला वळल्या.

“अहो काकू, कुठे चाललात? झालं सुरू!”

झालं होतं. ना उसासा, ना खाकरणं. पडदा लख्ख उजळून तयार होता, काहीच घडलं नसल्यासारखा. दुकानदाराने फोटोंचा फोल्डर उघडला. मेहुणे, समुद्रकिनारा, वन्सं, सगळे भराभर येऊन रांगेत बसले. आणि प्रत्येकाखाली नाव होतं. एफ शून्य शून्य शून्य एक. एफ शून्य शून्य शून्य दोन.

“नावं कुठे आहेत?” काकूंनी विचारलं.

“नावं नाही मिळाली. नावांची अनुक्रमणिका तबकडीवर वेगळ्या जागी असते, ती जागाच गेली. पण फोटो शाबूत आहेत ना काकू! नाव काय, पुन्हा देता येतं.”

“सुरक्षित प्रत बघा ना. अतिसुरक्षितही आहे.”

दुकानदाराने बघितलं. तेच सगळे फोटो पुन्हा होते आणि पुन्हा पुन्हा होते. मेहुणे तिप्पट झाले होते. मुके मात्र सगळेच.

सगळ्यांनी काकूंचं अभिनंदन केलं. आता एवढे लोक आनंदात असताना आपल्याला वाईट वाटतंय हे बोलणं बरं दिसेना, म्हणून काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मुलाचा फोन आला. “बघ, म्हणत होतो ना! आता कशी पळतेय? आई? रडतेस का?”

“छे. दुकानदाराची सर्दी लागली.”

मग त्यांनी कार्यालयाचं पान उघडलं. रकाने भरले, भुवया आवळलेला तो फोटो जोडला. नाव आता एवढंसंच होतं, मर्यादेत बसणारं, साहेबांना पसंत पडलं असतं असं. एका क्षणात उत्तर आलं, ‘आपली हयात नोंदवण्यात आली आहे.’ नाव होतं तेव्हा काकू अनिर्णित होत्या. नाव गेलं तेव्हा जिवंत ठरल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नावं द्यायला घेतली. काकूंची आठवण दांडगी. एकदा वाचलेलं विसरायच्या नाहीत. कोटाचं नाव दिलं, छत्रीचं दिलं. दाताच्या फोटोखाली काकांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खोटं असूनही. वन्सं मदतीला म्हणून येऊन बसल्या.

“माझ्या फोटोला ‘ताई, तरुणपणी’ लिही. त्याने तसंच लिहिलं होतं.”

“नव्हतं हो लिहिलं.”

“तुला काय आठवतंय! माझा भाऊ होता तो.”

“माझा नवरा होता.”

मग वन्सं पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “बरं, लिही. वय लपवताना. लपवलं कुठे म्हणा आता.”

आठवणीतले संपले. उरले ते पुरवून ठेवलेले. कधीच न उघडलेले. काकू एकेक उघडू लागल्या. आता डिस्क इतकी भरभर देत होती, की मागायचा अवकाश. हा रस्ता कुठला? हे दोघं कोण? काकांनी यावर काहीतरी नक्की लिहिलं होतं. नुसता एक फोटो जास्त उघडला असता, दिवसाला दोन वाचले असते, तर ते आज काकूंपाशी असतं.

अशातच एक फोटो आला, मोबाइलवर काढलेला. हॉलमधल्या खुर्चीत बसून काढलेला असणार, कारण खालच्या कोपऱ्यात काकांचा गुडघा आला होता. समोर स्वयंपाकघराचं दार, आणि दारातून दिसणारी काकूंची पाठ. केस अंबाड्यातून सुटलेले, एक हात ओट्यावर, मान जराशी मागे वळलेली. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला आतून काहीतरी विचारताना वळते तशी. हा फोटो कधी काढला, काकूंना पत्ता नव्हता.

त्या बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी एफचा आकडा पुसला आणि एका बोटाने लिहिलं, ‘इथे काय लिहिलं होतंत?’

चौकट आली. हे चिन्ह इथे चालणार नाही.

काकूंनी चिन्ह पुसलं. प्रश्न तसाच ठेवला आणि बटण दाबलं. दाबल्यावर जुन्या सवयीने त्या थोडा वेळ कान देऊन बसल्या. जुनी असती तर कुरकुरली असती, शोधत फिरली असती. नवीने मुकाट्याने ठेवून घेतलं.